आधी नोंद, मग रोगाचे नाव



साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल, काही जण पुढे करतील. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर काय यायला हवे, ते पुस्तकात आधीच छापलेले असते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी माझ्याकडे चार-दोन वह्या अशा येतात की, त्यांत उत्तर अगदी पुस्तकातलेच असते, पण लंबकाचा दोरा मात्र त्या दिवशी कपाटाबाहेरच आलेला नसतो! उत्तर आधी लिहायचे आणि निरीक्षणे मागाहून जुळवायची, अशी ही खोड. आम्ही शिक्षक हसतो आणि प्रयोग पुन्हा करायला लावतो.

हीच खोड प्रयोगशाळेबाहेर पडली, तर मात्र ती हसण्यावारी नेण्यासारखी राहत नाही. गेल्या काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका तळ्यावर मला हा अनुभव आला. तो सांगतो.

मी उरण तालुक्यातील मोरा येथे राहतो. मोरा म्हटले की, लोकांना भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच आणि खाऱ्या पाण्यातली मासळी आठवते. पण आमच्या परिसरात गोड्या पाण्याची तळीही आहेत. कोणी त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात. तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत तर रायगड जिल्ह्यात जुनीच आहे.

ऑगस्ट महिना होता. तीन दिवस सूर्यदर्शन नव्हते. अकरावीतला माझा एक विद्यार्थी सकाळी धावत आला. म्हणाला, "सर, काकांच्या तळ्यात व्हायरस आलाय. सगळे कटले मेले." मी गेलो तेव्हा दहा वाजले होते. काठावर चिखल तुडवलेला, पाण्यावर पांढऱ्या पावडरीची साय. काकांनी जवळच्या एका दुकानातून प्रतिजैविक आणून तळ्यात टाकले होते. दुकानदाराने मासा पाहिला नव्हता, पाणीही पाहिले नव्हते. "विषाणूच आहे," एवढे मात्र छातीठोकपणे सांगितले होते. मेलेले मासे मी पोचण्यापूर्वीच खड्ड्यात पुरून टाकले होते.

इथे दोन चुका झाल्या. पहिली चूक साधी आहे. प्रतिजैविके जीवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. म्हणजे दुकानदाराचे निदान खरे धरले, तरी त्याचे औषध फुकटच होते. दुसरी चूक मोठी. निदान करायला लागणारा सारा पुरावा मातीखाली गेला होता.

पहाटेच्या पाण्यात काय घडते?

मी काकांना विचारले, "मासे कधी मेले?" ते म्हणाले, "पहाटे सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. उजाडता उजाडता मोठे उलटे झाले." मग विचारले, "लहान मासे?" लहान मासे बरेचसे जिवंत होते. दुपारपर्यंत ते नेहमीसारखे फिरूही लागले.

मित्रहो, ही उत्तरे महत्त्वाची आहेत. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशाला तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. तळ्यातले हिरवे शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेही माशांसारखेच प्राणवायू वापरते. म्हणून तळ्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. तीन दिवस दाट ढग राहिले, तर दिवसाची कमाई घटते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. मग एखाद्या पहाटे शिल्लक संपते. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात आणि बहुधा मोठे मासे आधी मरतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याला घेऊन मी पुन्हा तळ्यावर गेलो. विंकलर पद्धतीने प्राणवायू मोजला. तो लिटरमागे दीड मिलिग्रॅमसुद्धा भरला नाही. तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला, तरी या माशांचे हाल सुरू होतात.

तेव्हा विषाणू नव्हताच, असे मी म्हणावे काय? नाही. तसे म्हटले, तर मीही त्या वहीतल्या विद्यार्थ्यासारखाच ठरेन. प्राणवायू कमी होता, एवढे मी मोजले. माशांच्या शरीरात आणखी काही होते की नव्हते, हे कळायला मासे हवे होते आणि ते पुरलेले होते. मात्र "व्हायरस" हा शब्द गावभर झाला तो झालाच. पुढे कित्येक आठवडे काकांची उरलेली चांगली मासळी कोणी घेईना. एका न तपासलेल्या शब्दाची ही किंमत.

न दिसणारा आरोपी

विषाणूचे निदान नुसत्या डोळ्यांनी का होत नाही, ते पाहू या. माशांचे विषाणू किती लहान असतात? तळ्यात पाळल्या जाणाऱ्या तिलापिया माशाला मारणारा एक विषाणू सुमारे ५५ ते ७५ नॅनोमीटरचा आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असा एक विषाणू फुगवून २ मिलिमीटरच्या मोहरीएवढा केला आणि त्याच प्रमाणात एक फूटभर लांबीचा रोहू वाढवला, तर तो रोहू सुमारे दहा किलोमीटर लांब होईल. शेपटी मोऱ्याच्या बंदरात ठेवली, तर तोंड भाऊच्या धक्क्याला लागेल!

तुमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक इथे उपयोगी पडत नाही, आणि यात दोष त्याच्या भिंगांचा नाही, प्रकाशाचा आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. साध्या सूक्ष्मदर्शकाने २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत. जाड खडूने बारीक अक्षर काढता येत नाही, तसेच हे. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी मात्र फारच लहान करता येते. १९३१ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना बनवला. रुस्का यांना त्याबद्दल १९८६ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माशांचे विषाणू माणसाला दिसले ते अशा यंत्रांतून.

पण नुसते दिसून भागत नाही. विषाणू जिवंत पेशीखेरीज वाढत नाही. म्हणून प्रयोगशाळेत माशांच्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या कुप्यांत वाढवतात आणि त्यांवर आजारी माशाच्या अवयवाचा गाळलेला अर्क सोडतात. पेशी फुगू लागल्या, गळू लागल्या, तर आत काहीतरी शिरले असे समजते. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत माशांच्या अशा पेशींचे राष्ट्रीय भांडारच आहे.

तिसरी रीत पीसीआरची. २०२० च्या साथीत हे नाव घरोघरी पोचले. विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा एक नेमका तुकडा निवडायचा आणि त्याच्या प्रती काढत जायच्या. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे तीस वेळा केले, तर किती? बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट आठवा. दोनाचा तिसावा घात म्हणजे १०७ कोटींहून अधिक! अर्थात, दुप्पट होणे हे आदर्श गणित झाले. प्रत्यक्षात थोडी घट येते. तरीही चिमूटभर प्लीहेत दडलेला विषाणू यातून हाती लागतो.

तर मग प्रश्न सुटला, असे तुम्ही म्हणाल. आजारी मासा घ्यावा, पीसीआर करावी, विषाणू सापडला की नाव जाहीर करावे! पण थांबा. विषाणू सापडणे आणि रोगाचे कारण सापडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे शिकवणारी एक खरी हकीकत आपल्याच देशातून गेलेली आहे.

मरळीच्या जखमा आणि चुकलेला माग

१९८८ मध्ये आपल्या ईशान्य भारतातील तळी, नद्या आणि भातखाचरांत एक भयंकर रोग आला. मरळ, पुंटी यांसारख्या माशांच्या अंगावर लाल डाग पडत. त्यांचे खोल व्रण होत, मांस झडे आणि मासे मरत. जपानमध्ये १९७१ साली आणि ऑस्ट्रेलियात १९७२ साली असाच रोग दिसला होता. पुढे तो आग्नेय आशियातून बांगलादेशमार्गे आपल्याकडे पोचला आणि काही वर्षांत देशाच्या मोठ्या भागात पसरला. लोकांनी मासे खाणे सोडले. माणसाला या रोगाची बाधा होत नाही, पण भीतीला कोण समजावणार? गरीब मच्छीमारांच्या चुली थंडावल्या.

शास्त्रज्ञांनी आजारी माशांतून विषाणू शोधले आणि त्यांना ते सापडलेही. साहजिकच संशय विषाणूवर गेला. पण हिशेब जुळेना. काही आजारी माशांत एक विषाणू मिळे, काहींत दुसराच, आणि कित्येकांत कोणताच मिळत नसे. आणखी गंमत पाहा. मरळीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तर त्या पेशींतच एक विषाणू मुक्काम ठोकून बसलेला निघाला आणि त्या पेशी मजेत वाढत होत्या! म्हणजे विषाणू हजर असूनही कोणाचे काही बिघडत नव्हते.

शेवटी माग लागला तो व्रणांच्या खोल भागात वाढणाऱ्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका जीवाचा. १९९० नंतरच्या वर्षांत तो वेगळा काढला गेला. निरोगी माशाच्या त्वचेखाली सोडल्यावर तसेच व्रण उमटले. आज त्याचे नाव अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हेडन्स असे आहे. जपान, ऑस्ट्रेलिया आणि आशियातील इतर देश, सगळीकडचा आरोपी एकच निघाला. पहिल्या नोंदीपासून तिथवर यायला वीसहून अधिक वर्षे गेली. दरम्यान विषाणूचे नाव घेऊन सगळे स्वस्थ बसले असते, तर?

पण त्या मरळीच्या पेशी वाया गेल्या नाहीत. समुद्री बास माशाच्या पिलांच्या मेंदूवर आणि डोळ्यांवर हल्ला करणारा विषाणू त्यांच्यावर उत्तम वाढतो, असे १९९६ मध्ये दिसून आले. आपल्या जिताड्याच्या पिलांनाही याच कुळातला विषाणू मारतो. तो अवघा २५ ते ३० नॅनोमीटरचा असतो. भारतातल्या जिताड्याच्या पिलांतील त्याची पहिली नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका रोगाचा माग चुकला, पण त्यातून दुसऱ्याचा माग काढण्याचे साधन मिळाले.

नीट लावलेला माग

आता दुसरी हकीकत. २००९ च्या उन्हाळ्यात इस्रायलमध्ये तिलापिया मोठ्या संख्येने मरू लागले. माशांच्या डोळ्यांत बिघाड होता, कातडी झडलेली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी आजारी माशांचा मेंदू घेतला आणि त्याच मरळीच्या पेशींच्या एका वाणावर विषाणू वाढवला. तो निरोगी माशांना टोचला, त्यांना तोच रोग झाला आणि त्यांच्यातून तोच विषाणू परत मिळाला. मग २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमध्ये याच सुमारास तिलापिया मरत होते, पण तिथे बिघाड यकृतात होता. वरून पाहता रोग दोन होते. २०१६ मध्ये दोन्हीकडच्या विषाणूंचे जनुकीय द्रव्य वाचले, तेव्हा ते दहा तुकड्यांचे आणि जवळजवळ एकसारखे निघाले. आरोपी एकच, सोंगे दोन.

हा विषाणू भारतात पोचल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिम बंगाल आणि केरळमधील पाळीव तिलापियांत तो सापडला. महाराष्ट्रातही तिलापिया भरपूर आहे. उजनीच्या जलाशयावर त्याला 'चिलापी' म्हणतात. म्हणून ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही.

या दोन्ही हकीकतींतला फरक ध्यानात घ्या. बुद्धी दोन्हीकडे होती, यंत्रेही होती. पुरावा मात्र एका ठिकाणी साखळीसारखा जोडलेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी बरीच वर्षे मधल्या कड्या गळालेल्या होत्या. विषाणूला दोषी ठरवण्याची शिस्त टॉमस रिव्हर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३७ मध्येच मांडून ठेवली होती. रोग आणि विषाणू यांची गाठ नियमाने पडली पाहिजे आणि तो विषाणू निरोगी जीवात सोडल्यावर तोच रोग झाला पाहिजे.

माझे म्हणणे

माझे म्हणणे असे की, या साखळीची पहिली कडी लखनौत किंवा मुंबईत नसून तळ्याच्या काठावर आहे. आणि आज आपल्याकडे तीच सर्वांत कच्ची आहे. आपल्या देशात २०१३ पासून जलचर प्राण्यांच्या रोगांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपल्याला सर्वांत जवळची संस्था म्हणजे मुंबईत वर्सोव्याला असलेली, १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. माशांचा रोग कळवण्यासाठी २०२३ मध्ये शासनाने भ्रमणध्वनीवरचे 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अ‍ॅपही आणले. यंत्रे आहेत, माणसे आहेत. पण त्यांच्याकडे जाणारा मासा आधीच खड्ड्यात गेला असेल, तर ती काय करणार?

यावर काका मला काय म्हणाले, तेही सांगतो. "सर, तुमची तपासणी होईस्तोवर माझं तळं रिकामं होईल. आणि व्हायरस निघाला, तर माझा मासा कोण घेईल?" हा प्रश्न खोटा नाही. विषाणूने आजारी पडलेल्या माशाला बरे करणारे औषध आजही नाही. तपासणीने त्या हंगामातले मासे वाचतीलच असे नाही. पण पुढच्या हंगामाचे वाचतील. कोणत्या ठिकाणचे बीज घेऊ नये, नवे बीज आधी किती दिवस वेगळे ठेवावे, एका तळ्याचे जाळे उन्हात वाळवल्याखेरीज दुसऱ्या तळ्यात का टाकू नये, हे सारे रोगाचे नाव कळल्यावरच नेमके ठरते. शिवाय शेजाऱ्याचे तळेही वाचते. तिलापियाच्या या विषाणूने माणूस आजारी पडतो, असा कोणताही पुरावा नाही, हेही लोकांना सांगायला हवे. आणि जो शेतकरी प्रामाणिकपणे रोग कळवतो, त्याचेच नुकसान होऊ नये, याची काळजी शासनाने घ्यायला हवी. नाहीतर लपवणे हाच शहाणपणा ठरेल.

तुम्ही काय कराल?

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, शाळेजवळ एखादे तळे असेल, तर विज्ञानाचा एक तास त्याच्या काठावर घ्यावा. मालकाची परवानगी काढावी आणि एक वही घालावी. पाण्याचे तापमान सकाळी व दुपारी लिहावे. ढग किती, पाऊस किती, पाण्याचा रंग कसा, हे लिहावे. वीस सेंटिमीटर व्यासाची तबकडी घेऊन तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवावेत. ती दोरीने पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते, ते मोजावे. शेवाळ वाढले की ही खोली कमी होते. खर्च फार नाही, पण ही वही वर्षभर चालली, तर मोठमोठ्या प्रयोगशाळांकडे नसलेली माहिती तुमच्याकडे असेल. पाण्याजवळ जाताना मोठे माणूस बरोबर असावे, हे सांगायला नकोच.

आणि मासे मेलेच, तर? कोणत्या जातीचे किती, लहान की मोठे, पहाटे की दिवसा, एका रात्रीत की रोज थोडेथोडे, हे आधी लिहा. एका पहाटे सगळ्या जातींचे मासे धापा टाकून मेले, तर आधी प्राणवायूवर संशय घ्या. एकाच जातीचे मासे दिवसेंदिवस मरत राहिले आणि त्याच तळ्यातल्या दुसऱ्या जाती ठणठणीत असल्या, तर संसर्गाचा विचार करा. या खुणा दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. कुजलेला मासा तपासणीच्या कामाचा नसतो. आजारी पण अजून जिवंत असलेला मासा सर्वांत मोलाचा. तो उघड्या हाताने हाताळू नका. मालकाला सांगून मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला कळवा आणि नमुना कसा पाठवायचा, ते त्यांनाच विचारा. तोवर त्या तळ्याचे पाणी, मासे किंवा जाळे दुसरीकडे नेऊ नका.

आमच्या काकांच्या तळ्यावर आता अशी एक वही आहे. तोच अकरावीतला विद्यार्थी ती लिहितो. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे मासे पुन्हा वर आले. त्याने वही पाहिली. तीन दिवस ढग, तबकडी जेमतेम एका वितीवर दिसेनाशी झालेली. त्याने काकांना उठवले, दोघांनी विहिरीवरचा पंप लावून पाणी उंचावरून कारंज्यासारखे तळ्यात सोडले आणि त्या दिवशी फारसे मासे गेले नाहीत. मला सांगायला आला, तेव्हा मी विचारले, "मग काय होतं? व्हायरस की प्राणवायू?"

तो म्हणाला, "सर, दोन मासे मेले होते. बर्फात ठेवून तपासायला पाठवलेत. अजून उत्तर आलेलं नाही."

त्याच्या लंबकाच्या वहीवर मी त्या वर्षी डोळे मिटून सही केली.